कडीला लावलेली पिन

ग्रामपंचायतीच्या वहीत धरणावरच्या अपघातापुढे आता 'तांत्रिक बिघाड' असे दोन शब्द लिहिले आहेत. पिन मी लावली होती आणि नंतर मीच काढून लपवली, असं मी पंचायतीसमोर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, त्यानंतर लिहिलेले हे शब्द आहेत. सरपंचबाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना साहेब, या वयात कायले नाव खराब करून घेता?" मला त्यांचा भयंकर राग आला आणि तो अजून गेलेला नाही. माझं नाव चांगलं राहावं म्हणून चार वर्षं दुसऱ्या माणसाचं नाव मातीत गेलं, तेव्हा असं कुणी म्हणालं नव्हतं. पंचायत लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

मी भद्रावतीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, टूलरूममध्ये उभं आयुष्य काढलं. तिथे एकच गोष्ट अंगात भिनते, ती म्हणजे कुठलीही वस्तू आपोआप सुटता कामा नये. नट लावला की त्यात आडवी पिन घालायची आणि तिचे पाय वाकवायचे. पिन न घालता टेबलावरून उठलेल्या माणसाला मी स्वतः दरडावलेलं आहे. निवृत्त झाल्यावर घरातल्या बादलीच्या कडीलासुद्धा मी पिन घातली होती.

धरणावर मोटरबोटी सुरू करणारा ठेकेदार माझ्याकडे आला. त्याला बोटीमागे दोरीने ओढायचा बोर्ड हवा होता. पोहता न येणारा माणूसही गुडघ्यांवर बसून पाण्यावरून जाऊ शकेल, असा. मला वाटलं, अजून कुणाला तरी आपली गरज आहे. घरामागे मी प्लायवूड कापलं, मध्ये थर्माकोल भरला, वरून फायबर चढवलं. रेझिनच्या वासाने बायकोने कुरड्यांचं वाळवण शेजारच्या गच्चीवर नेलं आणि दोन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलली.

बोट चालवायला गावातलाच एक ढिवर, म्हणजे मासेमार होता, पन्नाशीचा. धरणात बुडालेल्या शेतांमध्ये कुठे मोहाचं झाड होतं, कुठे येनाचं, कुठला खुंट उन्हाळ्यात किती वर येतो, हे त्याला पाठ होतं. माझा पहिला बोर्ड ओढला तेव्हा तो नाक खुपसून सरळ पाण्याखाली गेला. काठावर आल्यावर तो म्हणाला, "साहेब, तुमी तं पाणकावळा बनवला. आता मच्छी धरून वरती येते का पाहू." मग त्याने वाळूत बोटाने डोंग्याचं पुढचं टोक काढून दाखवलं, किती उचललेलं असतं ते. मी तेवढं उचललं. दुसरा बोर्ड पाण्यावर असा चालला की काठावरच्या पोरीबाळींनी टाळ्या वाजवल्या. त्याबद्दल मी त्याचं नाव कुठेच घेतलं नाही. ठेकेदाराने माझा सत्कार केला, मी शाल घेतली.

बोर्डाच्या नाकाला मी कडी बसवली होती. बसणाऱ्याने बाजूची नाडी ओढली की कडी उघडणार आणि दोरी सुटणार. पण चाचणीत ती एकदा आपोआप उघडली. स्वार हसत पाण्यात पडला, काही झालं नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी कडीत पिन घातली; आता नाडी ओढली तरी ती उघडणार नव्हती. मग बोटीकडच्या टोकालाही हात घातला. तिथे ढिवराने जाळ्याला बांधतात तशी, एका झटक्यात सुटणारी गाठ मारलेली होती. ती सोडून मी लोखंडी शॅकल लावली, पान्याने आवळायची.

तो म्हणाला, "साहेब, हे सुटाले पायजे. आमचं जाळं खुटाले अडकलं का आमी पयले सोडतो, मंग पायतो."

मी म्हणालो, तू बोट चालव, हे माझं काम आहे. हेच शब्द. यात मी काही कमी केलेलं नाही.

मे महिन्यात पाणी उतरलं. त्याने खुंटांना रिकाम्या बाटल्या बांधून खुणा केल्या होत्या, तरी एक खुंट राहून गेला. बोर्डावर गावच्या शाळेतली एक शिक्षिका होती. वळताना बोर्डाची कड खुंटावर आपटली आणि तो उलटा झाला. मांड्यांवरच्या पट्ट्याने ती बोर्डाला बांधलेली, डोकं पाण्याखाली, आणि बोर्ड बोटीला बांधलेला. काठावरून मला दिसलं, ढिवर मागे वळून शॅकलशी झटापट करत होता. गाठ असती तर एक झटका पुरला असता. इंजिन बंद करूनही बोट आपल्या वेगाने ओढतच राहिली. शेवटी त्याने उडी मारली, पट्टा कापला आणि तिला वर आणलं. ती वाचली. खांदा निखळला, दंडाचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

तो तिला घेऊन पाण्यातून येत होता, सगळे तिकडे धावले. बोटीबरोबर बोर्डही वाहत माझ्याजवळ काठाला लागला होता. मी पिनेचे पाय पकडीने सरळ केले, ती काढली आणि खिशात टाकली.

पंचनाम्यात मी सर्वांसमोर नाडी ओढून दाखवली. कडी लोण्यासारखी उघडली. ती बाई दवाखान्यातून सांगत होती की तिने नाडी ओढली होती. मी म्हणालो, घाबरल्यामुळे त्यांच्याकडून ओढली गेली नसेल. मग उरला तो बोट चालवणारा. वेगात होता म्हणाले. आठ दिवसांत पिऊन होता असंही म्हणू लागले. सकाळपासून तो माझ्याबरोबर होता आणि त्याने दोनदा चहा घेतला होता. मला कुणी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगत राहिलो. विचारायची वाट कशाला पाहायची होती?

या वर्षी पंचायतीने बोटी पुन्हा सुरू करायचं ठरवलं. मला ते भद्रावतीच्या बसस्टँडवर कळलं, त्याच शिक्षिकेकडून. तिने पिशवी डाव्या हातात धरली होती. उजवा खांद्याच्या वर जात नाही, फळ्यावर डाव्या हाताने लिहायला शिकले, म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "काका, मी नाडी ओढली होती. आणि त्या भाऊंचा बोट चालवायचा अर्ज पंचायतीनं परत केला, माझ्या हाताचं कारण सांगून. तेवढं तुम्हाला सांगायचं होतं." चंद्रपूरची गाडी लागली आणि ती चढली.

त्याच आठवड्यात मी पंचायतीत गेलो. पुढचं वर लिहिलंच आहे. बिघाड म्हणे. बिघाडाला हात नसतात, पकड नसते, खिसा नसतो. आणि ढिवराच्या परत केलेल्या अर्जावर आता 'विचाराधीन' असा शेरा.

म्हणून मी झालेलं सगळं एका कागदावर लिहिलं, सही केली आणि त्याच्या घरी घेऊन गेलो. तो अंगणात जाळं विणत होता. बस म्हणाला नाही. सुनेला म्हणाला, वाच. ती ओट्यावर बसून वाचू लागली. तो विणतच राहिला. पिन काढल्याच्या ओळीवर त्याचे हात थांबले.

"काय लिवलं तिथं? परत वाच."

सुनेने वाचलं, "घाबरून, घाईघाईत मी पिन काढली."

"घाई नाई होती," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने मला एकदाही साहेब म्हटलं नाही. "मी पाण्यातून पाहून राह्यलो होतो. बाईले खांद्यावर घेतलं होतं मी. तुमी पयले इकडं पाह्यलं, मंग तिकडं पाह्यलं. मंग काढली. चार वर्स वाट पाह्यली मी, का हा माणूस सांगन. आन आता सांगता, तं तेही अर्धंच?"

मी सुनेकडून कागद मागून घेतला. पेन तिनेच दिलं. ते दोन शब्द खोडून मी वर लिहिलं: कुणी पाहत नाही ना, हे आधी दोन्हीकडे बघून. खोडल्याच्या जागी पुन्हा सही केली.

"आता वाच," तो सुनेला म्हणाला. "पयल्यापासून."