नैवेद्याच्या दुधाचं पनीर

त्या सॅलडचा फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. कलिंगड आणि खरबुजाच्या फोडी, पुदिना, लिंबू, वर तव्यावर खरपूस भाजलेलं पनीर. दिसायला मोठं देखणं. मी तो फोटो कुणाला दाखवत नाही.

मे महिन्यातला रविवार होता. मी सोलापुरात शिकवते त्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका संध्याकाळी घरी यायच्या होत्या. त्या पुण्याच्या, म्हणून मला भलतीच हौस सुटली. शेंगाचटणी आणि कडक भाकरी त्यांना कोणीही वाढेल, आपण काहीतरी वेगळं करू, असं डोक्यात घेतलं.

त्याच दिवशी सकाळी आई गावाकडून, केमहून रेल्वेनं आली होती. हातात दुधाची किटली, तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. आमच्या गायीची लागोपाठ दोन वासरं दगावली होती. तिसरं जगलं तर पहिल्या निवळ दुधाची खीर सोलापूरच्या देवाला, असा आईचा नवस होता. वासरू जगलं. चीक संपून दूध निवळलं, पण नैवेद्य होईपर्यंत ते घरात कुणी तोंडाला लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वडील तेवढे दिवस कोरा चहा पीत होते.

"उद्या सोमवारी सकाळी जाऊ," म्हणत तिनं किटली फ्रिजमध्ये ठेवली आणि जेवून आडवी झाली.

दुपारी मी बाजारचं पनीर तव्यावर टाकलं. भेसळीचं असणार, त्याचा नुसता चिकट गोळा झाला. पिशवीचं दूध संपलेलं, कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर खाली. मग मी किटली बाहेर काढली. रीत मला माहीत नव्हती असं नाही, चांगली माहीत होती. संध्याकाळी पिशवीचं दूध आणून किटली भरून ठेवू, आईला काय कळतंय, असा मी विचार केला. आई शेजारच्या खोलीत घोरत होती आणि मी चोरासारखी, भांड्याचा आवाज न करता, उकळत्या दुधात लिंबू पिळत होते.

पनीर मात्र झकास झालं. बाईंनी दोनदा मागून घेतलं. "घरी केलंत? कमाल आहे!" मी लाजून हसले. कौतुकाच्या भरात आईलाही बशी दिली.

"ग्वाड हाय की," आई म्हणाली. "दूध कुटनं आणलंस?"

"डेअरीतून," मी म्हणाले. इतक्या सहज, की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

बाईंना रिक्षापर्यंत सोडून मी दूध घेऊन परतले, तर आई फ्रिजपुढे उभी होती. हातात रिकामी किटली.

"दूध कुटं हाय गं?"

माझ्या हातातल्या पिशवीकडे तिनं पाहिलं. मग मला सगळं सांगावंच लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती मटकन खुर्चीत बसली.

"म्हंजी म्या बी खाल्लं," एवढंच म्हणाली.

मी पाया पडले, रडले, दुसऱ्या दुधाची खीर करू म्हणाले. "आता कशाची खीर," म्हणत ती उठली आणि तोंड खळखळून धुवून आली.

सोमवारी ती एकटीच देवळात जाऊन नुसतं नाक घासून आली. पायातली चप्पल काढते न काढते तोच वडिलांचा फोन. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"दावला का निवद?"

मी मान खाली घातली. आता ती सांगणार, आणि सांगावंच, असं मला वाटत होतं.

"व्हय, दावला की," आई म्हणाली. "लेकीनंच केली खीर. लई मन लावून केली. तुमी आता दुधाचा च्या प्या."