कोजागिरीचा अंधार

दिनेश सुतारला गेल्या कोजागिरीला, संध्याकाळी साडेसात वाजता, आमच्या चौकात गोळी घातली गेली. त्याच्या हातात दुधाची किटली होती. "गाडी जरा बाजूला घ्या," एवढंच तो म्हणाला होता. गाडी सुट्टीवरच्या, साध्या कपड्यांतल्या फौजदाराची होती.

आता खटला उभा राहिलाय आणि चहाच्या टपरीवर रोज निकाल लागतोय.

"अंधारात साहेबांना किटली हत्यार वाटली असेल."

"कोजागिरीला अंधार? चंद्रपण सुट्टीवर होता का?"

सगळे हसले. शेजारी गजरे ओवणाऱ्या शांतामावशी हसल्या नाहीत. गोळी झाडताना पाहिलं, असं सांगणाऱ्या त्या एकट्याच. कुणीतरी विचारलं, "मावशी, एवढ्या लांबून तुम्हाला तरी नीट दिसलं का हो?"

त्यांची सुई कळीतच थांबली. "नसंल बी दिसलं, बाबा."

साक्षीदार फोडायला धमकी लागते, असं मला वाटायचं. इथं आपल्या गप्पाच पुरल्या. स्वच्छ चांदण्यात पाहिलेलं चहाच्या घोटागणिक पुसट होत गेलं.

सोमवारी मावशींची साक्ष आहे. टपरीवरच्या मंडळींनो, त्या संध्याकाळी चौकात तुम्हीही होतात. त्यांच्यासोबत कोर्टात चला आणि पाहिलंत ते बोला.