हजर नसलेल्या घड्याळजीचे आभार

यवत ते राहू या टापूत कुठंही सत्कार असला की आभार मानायला मला बोलवायचे. सूत्रसंचालनाला माणसं मिळतात, भाषणाला तर रांग लागते. पण शेवटी, निम्मे लोक चपला शोधायला लागलेले असताना, उभं राहून चाळीस नावं मानाच्या क्रमानं घ्यायची आणि एकही विसरायचं नाही, हे काम जोखमीचं. विसरलेला माणूस वर्षभर रस्त्यात तोंड फिरवतो. म्हणून मी निमंत्रणपत्रिकाच समोर धरायचो. पत्रिकेत नाव आहे ना? मग तो आलेला असो की नसो, अमूल्य वेळातून वेळ काढल्याबद्दल त्याचे आभार. कुणी कधी तक्रार केली नाही. न आलेले तर जास्तच खूश व्हायचे.

पोटापाण्यासाठी यवतला माझा टायपिंगचा क्लास होता. दोन हजार सालाच्या पुढेमागे मी तिथं एक कॉम्प्युटर घेतला आणि त्याला फोनची तार जोडून इंटरनेट. दुपारी एक ते तीन क्लास रिकामा असायचा. जेवून झोपण्याची ती वेळ, पण मी त्या वेळात नावाडी व्हायला लागलो.

त्याचं असं झालं. इंटरनेटवर मला एक खेळ सापडला. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसती इंग्रजी अक्षरं. एक काल्पनिक बंदर, तिथला राजा, पहारेकरीण, घड्याळजी. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं, काय बोलतं ते लिहायचं. एकानं लिहिलं, ‘राजा ग्लास आपटतो’, की दुसऱ्यानं त्यापुढं आपलं लिहायचं. म्हणजे नाटकच, फक्त पडदा काचेचा आणि प्रेक्षक नाहीत. देशोदेशीची सात जुनी माणसं ते खेळायची. मी आठवा. माझं इंग्रजी सगळं अर्ज आणि व्यापारी पत्रं टाइप करून कमावलेलं, त्यामुळं माझा नावाडी बोलायचा तेसुद्धा तसंच. नाव किनाऱ्याला लागली आहे, हे आपल्या माहितीसाठी सविनय सादर. असा नावाडी त्या बंदरानं पाहिला नव्हता.

या खेळात एक रीत होती. प्रवेश संपला की त्यात कुणाचं लिहिणं आवडलं ते खेळाच्या फळ्यावर लिहायचं, सगळ्यांना दिसेल असं. आणि नव्या खेळाडूसाठी एक अट होती. महिनाभरात जुन्यांपैकी एकानं तरी त्याचं कौतुक लिहिलं पाहिजे, नाहीतर त्याचं पात्र खेळातून काढून टाकायचं. मला हसू आलं. कौतुकाच्या बाबतीत मला हे लोक काय शिकवणार? पहिलाच प्रवेश संपला आणि मी उभा राहिलो. खुर्चीवरच, पण मनानं उभा. राजापासून सुरुवात करून सातही जणांचे क्रमानं आभार मानले. अमूल्य वेळ आला, मोलाचं सहकार्य आलं, शेवटी ज्ञात-अज्ञात हितचिंतकही आले.

दुसऱ्या दिवशी घड्याळजीनं फळ्यावर लिहिलं, ‘माझे आभार कशाबद्दल? मी त्या दिवशी खेळायला नव्हतोच.’

त्याच्याखाली खेळ चालवणाऱ्या बाईंचा मजकूर होता. त्यांनी शांतपणे एक नियम सांगितला, जो मी वाचला नव्हता. ज्याचं कौतुक तुम्ही केलं, त्यानं त्या महिन्यात तुमचं कौतुक करायचं नाही. देवाणघेवाण होऊ नये म्हणून. म्हणजे मी एका झटक्यात सहा तोंडं बंद करून ठेवली होती. सातवा घड्याळजी. तो प्रवेशात नसल्यामुळं त्याचे आभार रद्द झाले, एवढाच मोकळा. पण त्यानं माझं एक अक्षर वाचलेलं नव्हतं आणि चारचौघांत माझी चूक काढून झाली होती. नावाड्याचं नशीब त्याच्या हातात. महिना संपायला अठ्ठावीस दिवस.

मला तो नावाडी जाऊ द्यायचा नव्हता. बाहेर मी सगळ्यांचा मास्तर होतो, नावं वाचून दाखवणारा. नावाडी मात्र माझा होता. बाईंच्या मजकुरातलं शेवटचं वाक्य तर मला दोन दिवस टोचत राहिलं. ‘तुमचं हे कौतुक कुणाच्याही नावाखाली चिकटवता येईल.’

बाजाराच्या दिवशी मामा क्लासवर आले. मामा कासुर्डीकडचे. त्यांच्या वडलांनी मेंढरं घेऊन मुलूख पालथा घातलेला, मामांनी शेती धरली, पण वीस-पंचवीस मेंढ्या ठेवल्याच. बाजारात मेंढी बांधायची आणि माझ्या पंख्याखाली चहा घ्यायचा, हा त्यांचा नेम.

“मास्तर, त्वांड का उतारलंय?” मामा म्हणाले.

मी सगळं सांगितलं आणि माझं आभाराचं भाषण मराठीत म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. मामांनी बशी खाली ठेवली.

“ह्यात मानूस कुठं हाय?”

“सगळेच आहेत, मामा. सात जण.”

“सगळे हायेत म्हंजी कुनीच न्हाई. चल माझ्यासंगं.”

बाजारात मामांच्या मेंढीशी एक शेतकरी उभा होता. शेजारचा विकणारा त्याला ओरडून सांगत होता, “माझं जनावर बघा, एक लंबर हाय, एक लंबर.” शेतकऱ्यानं तिकडं बघितलंही नाही. मामा त्याच्याशी हळूच बोलले, “आप्पा, ही पान्यावर गेली की आदी कोकरांना पिऊ देती, मग सवता पिती. मोटारीच्या आवाजाला मातुर बुजती, ते आत्ताच सांगतो.”

“कुनाच्या कोकरांना? तिच्याच?”

“कुनाच्याबी.”

शेतकऱ्यानं मेंढीच्या पाठीवर हात फिरवला आणि तो तिथंच उकिडवा बसला. पुढचं त्या दोघांचं त्यांनी बघितलं. मी क्लासवर आलो.

जुन्या प्रवेशांचे कागद मी छापून ठेवले होते. ते सगळे पुन्हा वाचले, आणि या वेळी पाण्यावर कोण शेवटी जातं ते बघत वाचले. ती सापडली. पहारेकरीण. राजा पानभर बोलायचा, हिची एकच ओळ. मी तिच्याविषयी फळ्यावर लिहिलं. तिचं तोंड तर मी आधीच बंद केलेलं, तेव्हा मिळण्यासारखं काही नव्हतं. तरीही लिहिलं.

‘राजा ओरडत होता तेव्हा पहारेकरणीनं कंदील या हातातून त्या हातात घेतला आणि ती अंग चोरून उभी राहिली. या खेळात चित्र नाही. त्या ओळीमुळं मला कळलं की दार अरुंद आहे आणि मला आत यायला तिनं जागा केली आहे. माझा पहिला दिवस होता. तिची ओळ यायला फार वेळ लागतो, हे मात्र खरं.’

फळ्यावर काहीच हललं नाही. मी रोज दुपारी नाव काढायचो, उतारू पोचवायचो. घड्याळजी अधूनमधून दुसऱ्यांच्या प्रवेशांत यायचा, माझ्या नावेत मात्र कधी बसला नाही. मी त्याला हाकही मारली नाही. महिना संपायच्या आदल्या दिवशी मी नावाड्याकरवी नाव धुऊन घेतली, दोर नीट गुंडाळून ठेवला. निरोपाचा प्रवेश आपण चांगला करतो.

शेवटच्या दुपारी फळ्यावर घड्याळजीचा मजकूर होता.

‘पहारेकरणीविषयी वाचलं आणि तो प्रवेश काढून बघितला. मग नावाड्याचे मागचे सगळे काढले. मी एकाही प्रवेशात नव्हतो. हा नावाडी सरकारी कचेरीसारखा बोलतो, पण दर वेळी भाडं विचारण्याआधी उतारूला विचारतो, आपलं जेवण झालं आहे काय, कृपया कळवावे. झालं नसेल तर नाव थांबवतो. माझी घड्याळं त्यामुळं चुकतात. तो राहावा.’

मी ते तीनदा वाचलं. तो आलेला नसताना ज्याचे मी आभार मानले होते, त्यानं न येताच माझी परतफेड केली होती. फक्त त्यानं आधी वाचलं होतं.

पुढच्या बाजाराला मामांना ते मराठीत वाचून दाखवलं. मामांनी चहा फुंकला.

“मग? उपाशी मानूस नावंत बशिवत्यात व्हय? ह्यात लिवन्यासारखं काय हाय?”

“मामा, हे सगळं तुमच्यामुळं झालं,” मी म्हणालो आणि नकळत उभा राहिलो.

“खाली बस,” मामा म्हणाले. “मेंढीमुळं झालं.”