ओव्याच्या धुरीचा वास

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवर तुमच्या देशातल्या गर्भपाताच्या कायद्यावरून तुम्हा दोघांची जुंपली. मोठी म्हणाली, हा बाईचा हक्क. धाकटा म्हणाला, "या सगळ्या बेफिकीर मुली असतात, आजी. नंतर पळवाट शोधतात." मग दोघांनी मला विचारलं, तुला काय वाटतं? दूध उतू चाललंय असं सांगून मी फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. तुमच्या आईला विचारून हे लिहिते आहे.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता आणि गर्भपाताचा कायदाही नवाच होता. सोलापुरात तुमच्या आजोबांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तुमची आई कॉलेजात होती. अक्कलकोटच्या एका घरातली माणसं तिला पाहून गेली, पसंती कळवली. फाल्गुनात लग्न धरायचं चाललं होतं, आणि मला दिवस गेले.

मी चाळिशीची होते. आमच्याकडे लेक लग्नाला आली की आईबापांनी म्हातारं व्हायचं असतं. मांडवात नवरीची आई पोट घेऊन फिरते आहे, ही कल्पनाच मला सोसवेना. मला आणखी मूल नको होतं, हे खरं. तुमच्या मामाच्या वेळी मी मरता मरता वाचले होते, हेही खरं. पण सगळ्यांत आधी मनात आली ती लाज. कारणांचा हा क्रम मी पुढे कायम उलटा सांगत आले, स्वतःलासुद्धा.

तुमचे आजोबा चष्मा पुसता पुसता म्हणाले, "तू म्हणशील तसं." आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या अक्कलकोटच्याही पलीकडच्या; रागवायच्या त्या कानडीतच. पण दवाखान्यातून घरी आल्यावर मी स्वयंपाकघराकडे निघाले, तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून बाजेवर बसवलं. "सुम्न कूडु," त्या म्हणाल्या. गप्प बस. "पोट रितं झालं की बाई बाळंतीणच. तुझ्या कायद्याला काय कळतंय त्यातलं?"

मग त्यांनी बाळंतिणीचं असतं ते सगळं केलं. बाजेखाली निखाऱ्यांची लोखंडी शेगडी ठेवली, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकून मला धुरी दिली. शाळेत कावीळ झाल्याचं कळवलं. तुमची आई कॉलेज बुडवून माझ्यापाशी राहिली. खिडक्या लावून घेतल्या होत्या, पण वास काही खिडकीपाशी थांबत नाही. त्या वासाचा अर्थ बोळातल्या प्रत्येक बाईला कळत होता, आणि आमच्या घरात दिसायला बाळंतीण नव्हती. शहाणी म्हणवणारी आम्ही माणसं, पण हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

संक्रांतीनंतर समोरच्या वकिलीणबाईंकडे हळदीकुंकू होतं. तुमची आई आणि मी गेलो. गड्ड्याच्या जत्रेवरून गप्पा फिरत फिरत नव्या कायद्यावर आल्या.

"सरकारनं पोरींना मोकळं रान दिलं बघा," वकिलीणबाई म्हणाल्या. "आता कशाला कोण भिईल?"

मी वर्गातल्या आवाजात सांगू लागले, की भीतीनं कुणी सुधारत नाही. भीतीपायी पोरी विहीर जवळ करतात.

"मग जन्माला घालावं आणि द्यावं कुणाला तरी. मूलबाळ नसलेल्या काय थोड्या आहेत?"

"नऊ महिने पोट कुठं लपवायचं?" मी विचारलं. "आणि देणं एवढं सोपं असेल तर म्हणणारीनं एकदा देऊन बघावं."

कोपऱ्यात वळसंगच्या काकू बसल्या होत्या. दुष्काळात शेत करपलं तेव्हा त्या सरकारी कामावर खडी फोडायला जायच्या. त्या म्हणाल्या, "बाई, मी पाचव्या म्हयन्यात खडी फोडली. पोटाला धड भाकर नव्हती. तरी पोर ठिवलं की. तुमच्या त्या बाया लई नाजूक हायत व्हय?"

सगळ्या हसल्या. आमच्या घरात दुष्काळातही ज्वारीची पोती होती. एकीच्या सोसण्याचं माप दुसरीला लावू नये, असं मी आज म्हणेन. पण ते मी बोलायचं आणि काकूंनी ऐकून घ्यायचं, यातच काहीतरी लाजिरवाणं आहे. आणि तोवर मी "त्या पोरी", "त्या बाया" असंच म्हणत होते.

वाण देता देता वकिलीणबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाई, मार्गशीर्षात तुमच्याकडनं धुरीचा वास यायचा. कोण बाळंत झालं म्हणायचं?" विचारलं मला, पण बघत होत्या तुमच्या आईकडे. "तुमची अक्कापण तेव्हा कॉलेजला जाताना दिसली नाही की."

तुमच्या आईच्या हातात तिळगुळाची वाटी होती. ती वाटीकडे बघत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं, आणि ती माझं नाव घेणार नव्हती. मी गप्प बसले असते तर तो संशय तिच्याबरोबर सासरपर्यंत गेला असता.

"मी," मी म्हणाले. "मी पाडून घेतलं. आत्याबाईंनी धुरी मला दिली."

कुणी पापी म्हणालं असतं तर मी भांडले असते; त्याला माझ्यापाशी मुद्दे होते. पण कुणीतरी फिसकन हसलं. "अगं बाई, या वयात? लेकीला हळद लावायच्या वेळी?" मग पदर तोंडाला लावून सगळ्याच हसल्या. वळसंगच्या काकू तेवढ्या हसल्या नाहीत. "अळीव खाल्लं का?" त्यांनी विचारलं. "खावा. न्हायतर कंबर धरती मागनं."

घरी आल्यावर तुमची आई माझ्यावरच चिडली. "सगळ्यांसमोर कशाला सांगितलंस? आता मी कुठल्या तोंडानं बाहेर पडू?" थोड्याच दिवसांत अक्कलकोटहून निरोप आला, की यंदा मुलाला योग नाही. पोरीचं नाव राहिलं, सोयरीक गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याबरोबर कुणाकडे आली नाही. पुढे बी. ए. झाली, आणि मग तुमच्या बाबांचं स्थळ आलं.

धाकट्या, तू ज्यांना बेफिकीर मुली म्हणालास, त्यांतली एक तुझी आई ठरत होती, तिनं काहीही केलेलं नसताना. ज्या बाईनं केलं ती मी, दोन मुलांची आई आणि शिक्षिका. केल्याचा पस्तावा मला कधी झाला नाही. लाज आहे ती त्या हसण्याची, आणि इतकी पुस्तकं वाचूनही ते हसणं मला मनातून बरोबर वाटतं, याची.

तुमच्या आईने हा विषय पुन्हा एकदाच काढला. मोठीच्या वेळी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा म्हणाली, "आई, ती शेगडी आहे का गं?" होती. आत्याबाई तोवर गेल्या होत्या. ओवा मीच टाकला आणि खिडक्या उघड्या ठेवल्या. तुम्हा दोघांनाही त्याच शेगडीवर शेकलं आहे. तिचा एक पाय मोडलाय, खाली विटेचा तुकडा द्यावा लागतो. माळ्यावर आहे.