तळवड्यातलं लाल शेत

तळवड्याचं एक शेत मी जवळून न बघताच नकाशावर लाल रंगवलं. लाल म्हणजे तिथली माती वाहून जाण्याचा धोका सगळ्यात जास्त. उतार समोरच्या टेकडीवरून दिसत होता आणि टेकडीवर बाभळीची सावली होती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या मातीचा नकाशा होतोय आणि त्यात आपला हात, म्हणून मी हवेतच होतो.

खाली आलो तर एक म्हातारी त्याच शेताचा बांध रचत होती. दगड बसवला की त्यावर टाच रोवून उभी राहायची. जरा हलला, की काढून पुन्हा बसवायची. मी ऐटीत नकाशा उलगडला. "दिल्लीला जाणार हा, आजी."

"ह्यात माजं कुटं हाय?"

"हे लाल. वाहून जाणारं."

तिनं हातातला दगड खाली ठेवला आणि मला बांधाच्या कडेनं खाली नेलं. रात्रीच्या पावसाचं पाणी तिच्या शेतातून ओढ्यात उतरत होतं, अगदी नितळ.

"दिसती का माती? समदा बांध ह्या हातांनी रचलाय. दिल्लीला खोटं सांगू नगंस."

लाल पेन्सिल लवकर पुसली जात नाही. नकाशावर शेत हिरवं, म्हणजे बिनधोक, होईपर्यंत ती ताठ मानेनं समोर उभी राहिली. मग मला बुटांपासून हॅटपर्यंत न्याहाळून म्हणाली, "दिल्लीला दुसरा कुनी गावला न्हाई व्हय रं?"