कोण कोणाला अडवतंय, ते आधी विचारा

माधुरीताई ठोंबरे यांची पहिली ओळख मला त्यांच्या पाठीकडून झाली. खालापूरजवळच्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात मी प्रयोगशाळेची प्रमुख. ताई दहिवलीतला आपला संगणकवर्ग सांभाळून आमची लिनक्स प्रणालीवर चालणारी संगणकयंत्रे पाहायला येत. त्या दिवशी पडद्यावर आलेला संदेश त्या पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचत होत्या. मी नमस्कार केला, तर मागे न बघता म्हणाल्या, "थांबा, याचं बोलणं पुरं होऊ द्या." मला राग आला. आज मीच हाताखालच्यांना तसेच वाचायला लावते.

त्यांचा खरा कस एका अपग्रेडने लागला. रिपोर्टवर मराठी अक्षरे तुटक छापली जात, म्हणून आमच्यातल्या कुणीतरी एका फॉन्टसाठी दुसऱ्याच आवृत्तीचा स्रोत, म्हणजे प्रोग्राम उतरवून घ्यायचे इंटरनेटवरचे कोठार, यंत्राला जोडला. फॉन्ट आला, पण पुढच्या अपग्रेडला त्या वाटेने नको ती पॅकेजेही, म्हणजे प्रोग्रामांचे तयार गठ्ठेही, आली आणि काम अर्ध्यावर अडकले. रिपोर्टच्या प्रोग्रामला लायब्ररी, म्हणजे दोघांना लागणारी सामायिक फाइल, जुनी हवी, नव्या पॅकेजांना नवी. पंगतीत रुसलेल्या व्याह्यांसारखे, एक उठल्याशिवाय दुसरा बसेना. प्रोग्राम उघडेना, आणि बाहेर लोधिवलीचे काशिनाथ बसलेले. त्यांना मूत्रपिंडाचा आजार, बायको आपले मूत्रपिंड द्यायला तयार. मात्र जुने सगळे रिपोर्ट पाहिल्याशिवाय मुंबईचे डॉक्टर त्या दुपारी ऑपरेशनचा निर्णय देणार नव्हते, आणि ते रिपोर्ट त्याच यंत्रात होते.

"जबरदस्तीने बसवा, नाहीतर सगळं पुसून नव्याने टाका," असे सल्ले सुरू झाले. ताईंनी आधी सगळ्या नोंदींची प्रत बाहेर काढली. मग कोणते पॅकेज कोणाला अडवतेय आणि ते आले कुठून, हे यंत्रालाच विचारत बसल्या. "भांडण या दोघांचं दिसतं, पण कळ तिसऱ्यानं लावलीय," म्हणाल्या. तो परका स्रोत त्यांनी बंद केला, तिथून आलेली पॅकेजे मूळ आवृत्तीवर परत आणली आणि राहिलेले अपग्रेड पुरे केले. काशिनाथांची बायको दारातून विचारत होती, "ताई, व्हईल ना?"

"होतंय गं. बस तू, पाणी पी."

रिपोर्ट डॉक्टरांकडे वेळेत गेले आणि पुढे ऑपरेशनही पार पडले.

स्रोत कोणी जोडला, हे व्यवस्थापक सगळ्यांना विचारत फिरले. ताईंनी एवढेच विचारले, "त्याला हवं काय होतं?" आणि तोच फॉन्ट सरळ वाटेने बसवून दिला. आमच्या त्या सहकाऱ्याची नोकरी तेवढ्यावर वाचली. ताई रागीट आहेत, हे त्यांच्या या गौरवग्रंथातही लपवण्यात अर्थ नाही. पण तो राग पडद्यावरचा संदेश न वाचता 'होय' दाबणाऱ्यांवर असतो, चुकून अडकलेल्यांवर नाही. म्हणूनच कर्जतपासून चौकपर्यंत, यंत्र अडले की लोक आधी त्यांनाच फोन करतात.

त्यांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ निघतोय, हे काशिनाथांना कळवले आणि काय लिहू, असे विचारले. ते भाताच्या खाचरात उभे होते. म्हणाले, "लिवा, मी हाय. ती पन हाय."

ताई, दीर्घायुष्य चिंतायला याहून मोठे शब्द माझ्याकडे नाहीत. तुम्हीही अशाच राहा, ठणठणीत, कडक आणि आमच्यात.