फोनला विचारलेला डाग

साडी नेसताना कमरेवर पांढरा डाग दिसला, तेव्हा मी तो फक्त फोनला विचारला. रिसोडात चामडीच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे बाकावर चार ओळखीचे भेटणार, आणि घरात लग्नाची लेक. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण सोयरीक जुळवताना ते ऐकतो कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची. नवऱ्यालाही बोलले नाही.

फोननं मात्र तोंड उघडलं. भाजीचा व्हिडिओ लावा, भजन लावा, आधी ती जाहिरात: अर्धा पांढरा, अर्धा सावळा चेहरा आणि ‘डागांवर खात्रीचा इलाज’. मी बंद करायची, ती मेली परत यायची. लेकीनं आमचे दोघींचे फोन एकाच खात्यावर जोडले होते. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

मग लेकीला बघायला पाहुणे आले. आमच्याकडे पोहे झाले की घरातल्या मागच्या लग्नाचा व्हिडिओ लावतात आणि त्यात दोन्हीकडचे सोयरे ओळखत बसतात. कुणी ओळखीचं निघालं की पुढचं बोलणं सोपं जातं. मी सवयीनं थोरल्या मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ लावून फोन मुलाच्या आईच्या हातात दिला. व्हिडिओ सुरू होण्याआधी जाहिरातीतला तोच चेहरा आला.

“तुमच्या फोनवर हे काहून येऊन राह्यलं?” त्यांनी विचारलं.

लेक चहाचा ट्रे घेऊन उभी होती. पटकन म्हणाली, “मावशी, हे आजकाल सगळ्याईच्याच फोनवर येते.”

“माह्या त नाही येत,” त्या म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला.

‘घरी जाऊन कळवतो’ म्हणत पाहुणे जीपमध्ये बसले. मी लेकीला आतल्या खोलीत नेलं, पदर बाजूला करून डाग दाखवला. वाटलं, रडेल, भांडेल. पण तिनं विचारलं,

“म्हणजे तुले हाय?”

तिच्याही फोनवर कितीतरी दिवस तेच येत होतं.

“मले वाटलं, मलेच झालं. फोनले सारं माईत असते ना. अन् आपली पाठ आपल्याले कुठं दिसते?”

ती वळली, वेणी पुढे घेतली. मी पाहिलं. “काही नाही,” म्हटलं.

तरी तिला खिडकीपाशी उजेडात नेऊन मी पुन्हा पाहिलं.